मधुमेह असलेल्या बाईने साखरेच्या पलीकडे काय काय तपासावं

आईच्या रिपोर्टांची पिशवी अजून माझ्या कपाटात आहे. साडीच्या दुकानातून मिळालेली कापडी पिशवी, एक बंद उसवलेला. आत १४ वर्षांचे कागद: उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर, दर तीन महिन्यांची एचबीए१सी, म्हणजे मागच्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी. सगळे तारखेप्रमाणे, कारण ते मीच लावायचे. मी आहारतज्ज्ञ आहे, मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात काम करते. आईची एचबीए१सी ७ च्या आसपास राहावी म्हणून तिच्या भाकरीचा आकारसुद्धा मी ठरवून दिला होता. त्या पिशवीत १४ वर्षांत कोलेस्टेरॉलचे दोन कागद निघाले. लघवीतल्या प्रथिनांचा एकही नाही. ईसीजी एकच, तोही मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी काढलेला.

तिला हार्ट अटॅक आला त्या रात्री तिची साखर १३८ होती.

आई वाचली. पण त्या पिशवीत काय नव्हतं ते मला नंतर एकेक करून समजत गेलं, आणि आता आमच्या विभागात येणाऱ्या प्रत्येक बाईला मी तेच क्रमाने सांगते. तोच क्रम इथे लिहिते आहे. तुम्हाला स्वतःला मधुमेह असो, की आईला, सासूबाईंना, बहिणीला. एक वही घ्या आणि एकेक पायरी करत चला.

बायकांचाच वेगळा विचार का?

पाळी सुरू असेपर्यंत बाईचं हृदय त्याच वयाच्या पुरुषापेक्षा थोडं सुरक्षित असतं, हे आपण ऐकलेलं असतं आणि ते खरंही आहे. मधुमेह हे संरक्षण बऱ्याच अंशी काढून घेतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ पासून हृदयविकाराचा अभ्यास चालू आहे. मधुमेहामुळे हृदय निकामी होण्याचा धोका पुरुषांत सुमारे दुप्पट होतो, तर बायकांत पाचपट, हे तिथे १९७४ मध्येच दिसलं होतं. २०१४ मध्ये साडेआठ लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराचा धोका मधुमेही पुरुषांत मधुमेह नसलेल्या पुरुषांच्या २.१६ पट निघाला, आणि बायकांत २.८२ पट.

असं का होतं, याचं एक उत्तर मला फार महत्त्वाचं वाटतं. बाईची साखर मधुमेहाच्या रेषेपर्यंत पोचते तोवर तिचं शरीर पुरुषापेक्षा लांबचा प्रवास करून आलेलं असतं. त्या वर्षांत पोट वाढतं, रक्तदाब चढतो, चांगलं कोलेस्टेरॉल घसरतं. निदान साखरेचं होतं, पण रक्तवाहिन्यांची झीज त्याआधीच सुरू झालेली असते. त्यावर दुसरं असं की कोलेस्टेरॉलची गोळी किंवा रक्तदाबाचं पुरेसं औषध बायकांना कमी वेळा मिळतं. घरातही तिच्या छातीत दुखण्याला ‘पित्त’ म्हणतात आणि दवाखान्यातही.

पायरी १: स्वतःचा इतिहास एका कागदावर लिहा

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या. साखरेच्या तपासणीला येणाऱ्या बाईला तिच्या बाळंतपणाबद्दल सहसा कुणी विचारत नाही, आणि २५ वर्षांपूर्वीची गोष्ट आज सांगण्यासारखी आहे असं तिलाही वाटत नाही. पण हृदयाच्या दृष्टीने गरोदरपण ही एक परीक्षा असते. तेव्हा जे बिघडलं, ते पुढे काय होणार याची खूण असते.

गरोदरपणात साखर वाढली होती का? बाळंतपणानंतर ती उतरली असेल तरी लिहा. अशा बाईला पुढे मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा ७ ते १० पट असते, आणि हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट. रक्तदाब वाढला होता का, पाय-चेहरा सुजून लघवीतून प्रथिनं गेली होती का, झटके आले होते का? बाळ दिवस भरायच्या आत किंवा फार कमी वजनाचं झालं का? हे सगळं लिहा. गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब हा पुढच्या हृदयविकाराचा मोठा इशारा आहे, मग नंतर तो कितीही नॉर्मल झालेला असो.

ज्यांची मुलगी किंवा सून आत्ता गरोदर आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. आपल्याकडे गरोदरपणातली साखर तपासायला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. १४० किंवा त्याहून जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. तो निघाला असेल तर बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा ग्लुकोज पिऊन तपासणी करायची असते. नेमकी हीच तपासणी राहून जाते. मुलगी माहेरी असते, डिंकाचे-अळिवाचे लाडू सुरू असतात, रात्रीची झोप नसते, सगळं घर बाळाभोवती. म्हणून मी एक सोपी जोडी सांगते: बाळाची पेंटाव्हॅलंट लस सहाव्या आठवड्यातच असते. त्याच दिवशी बाळाबरोबर आईचीही तपासणी करून घ्या. आज्जीने बाळ घ्यावं आणि आईने दोन तास बसावं. त्यानंतर दरवर्षी बाळाच्या वाढदिवसाच्या महिन्यात साखर, रक्तदाब आणि वजन.

पुढचा प्रश्न पाळीचा. पीसीओएस (अंडाशयातल्या बारीक गाठी आणि अनियमित पाळीचा त्रास) होतं का? पाळी कोणत्या वर्षी गेली? चाळिशीच्या आत गेली असेल तर धोका वाढतो. ‘पिशवी काढली’ असेल तर कोणत्या वयात, आणि पिशवीबरोबर अंडाशयंही काढली का, हे जुन्या डिस्चार्ज कार्डावर बघा. ऊसतोडणीला जाणाऱ्या बीड जिल्ह्यातल्या बायकांच्या पिशव्या तरुण वयात काढल्या गेल्याचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. पस्तिशीत अंडाशयं गेलेल्या बाईला हृदयासाठी पन्नाशीतल्या बाईसारखंच जपायला हवं, पण ती तरुण दिसते म्हणून तिच्याकडे कुणी त्या नजरेने पाहत नाही.

मग घराणं. वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत, आईला किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला होता का? थायरॉइडची गोळी चालू आहे का? थायरॉइड कमी असेल तर कोलेस्टेरॉल वाढतं. आणि मिश्री लावता का? ‘तंबाखू खाता का’ असं विचारलं की बायका सरळ नाही म्हणतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, पण ती दातांची गोष्ट समजली जाते. दिवसातून तीन-चार वेळा मिश्री लावणारी बाई रक्तात निकोटीन घेत असते. म्हणून हे लपवू नका, कागदावर लिहाच.

पायरी २: टेप घ्या

शिवणकामाची टेप चालेल. उभं राहा, बाजूला हात लावून शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचं वरचं टोक शोधा. त्यांच्या मधोमध टेप धरा, श्वास हळू सोडा आणि वाचा. परकराची नाडी बांधतो तिथे मोजू नका, तिथे माप चुकतं. भारतीय बायकांसाठी सीमारेषा ८० सेंटिमीटर आहे. आशाताई तिशीपुढच्या लोकांचा जो फॉर्म भरून घेतात त्यातही बाईच्या कमरेला ८० च्या वर एक गुण आणि ९० च्या वर दोन गुण असतात. सगळ्या प्रश्नांचे गुण मिळून ४ च्या वर गेले तर तपासणीला आधी बोलावतात. बारीक आहे म्हणून मला काही नाही, असं मानणाऱ्या बायकांनी तर टेप घ्यायलाच हवी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले त्यांचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. वरून सडपातळ आणि आतून चरबी, ही आपल्या लोकांची ठेवण आहे. माझी आई ५६ किलोंची होती. कमर ८९.

पायरी ३: रक्तदाब घरी मोजा

दवाखान्यात जिना चढून, नंबर लागेल का या घाईत मोजलेला रक्तदाब खरा नसतो. दंडाला पट्टा बांधायचं मशीन घ्या, मनगटाचं नको. आधी लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. हात टेबलावर, हृदयाच्या उंचीला. ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवून त्याच्यावर पट्टा बांधू नका, सैल बाहीचा गाऊन घाला. आठवडाभर सकाळी-संध्याकाळी दोन-दोनदा मोजून लिहा. मधुमेह असलेल्या बाईचा रक्तदाब साधारण १३० आणि ८० च्या खाली असावा, वृद्ध किंवा फार नाजूक प्रकृतीच्या बाईसाठी डॉक्टर ही रेषा थोडी सैल करतील. आठवड्याची वही सरळ डॉक्टरांच्या पुढे ठेवा.

पायरी ४: या तपासण्या मागून घ्या

एचबीए१सी सगळ्यांना माहीत असते. ६.५ किंवा वर म्हणजे मधुमेह, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर, आणि उपचारात बहुतेकींसाठी लक्ष्य ७ च्या खाली. पण बायकांच्या बाबतीत या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. हा आकडा तांबड्या पेशींना किती साखर चिकटली ते सांगतो, आणि तांबड्या पेशीच बिघडलेल्या असतील तर आकडाही बिघडतो. लोह कमी असलेल्या ॲनिमियात तो खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. उलट पाळीत खूप रक्त जात असेल किंवा लोहाची गोळी सुरू होऊन नव्या पेशी भराभर तयार होत असतील, तर कमी दिसू शकतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायकांना ॲनिमिया निघाला, म्हणजे ही अडचण थोड्याथोडक्यांची नाही. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजारही आहे, त्यातही एचबीए१सी फसवते. म्हणून तिच्यासोबत हिमोग्लोबिन करा. घरच्या ग्लुकोमीटरचे आकडे आणि एचबीए१सी यांचा मेळ बसत नसेल तर ते डॉक्टरांना दाखवा.

लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची तपासणी, वर्षातून एकदा, औषध सुरू असेल तर सांगतील तेव्हा. त्यात एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल हा मुख्य आकडा. प्रयोगशाळेच्या कागदावर १०० किंवा १३० च्या खाली ‘नॉर्मल’ छापलेलं असतं, ते निरोगी माणसासाठी. मधुमेहासोबत आणखी एखादा धोका असेल तर डॉक्टर ७० च्या खाली आणायला बघतात, आणि अटॅक येऊन गेला असेल तर ५५ च्या खाली. बायकांचं एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, ५० च्या वर आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, १५० च्या खाली हवं. आईच्या पिशवीतल्या दोन्ही कागदांवर एलडीएल १२० च्या वर होतं. समोर ‘नॉर्मल’ छापलं होतं, आणि मी दोन्ही वेळा घडी घालून ठेवून दिलं.

लघवीची एक तपासणी अगदी कमी सांगितली जाते: अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो. साधी लघवी तपासणी नव्हे, नाव लिहून न्या. सकाळची पहिली लघवी द्या, पाळीच्या दिवसांत किंवा लघवीची जळजळ असताना देऊ नका. ३० च्या खाली ठीक. ३० च्या वर गेलं तर मूत्रपिंड गळायला लागलं आहे. मूत्रपिंडाच्या बारीक वाहिन्या गळतात तेव्हा हृदयाच्याही खराब होत असतात, म्हणून हा कागद मूत्रपिंडाइतकाच हृदयाचाही आहे. एकदा जास्त आलं तर तीन महिन्यांत परत तपासून खात्री करतात. बरोबर रक्तातलं क्रिएटिनिन.

यकृताची एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट्स. या तीन आकड्यांतून आणि वयावरून डॉक्टर फिब-४ नावाचा हिशेब करतात, त्यातून चरबीने यकृत कडक व्हायला लागलं आहे का याचा अंदाज येतो. सोनोग्राफीत ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ आलं की सगळे हसून सोडून देतात. मधुमेह असलेल्या बाईने तरी सोडू नये. थायरॉइडची टीएसएच तपासणी एकदा. ईसीजी एक काढून जपून ठेवा, पुढे कधी तक्रार झाली तर तुलनेला तो लागतो. डोळ्याचा पडदा आणि तळपाय वर्षातून एकदा.

यातला बराच भाग फुकट होतो. तिशीपुढच्या सगळ्यांचा रक्तदाब आणि साखर आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे आपल्या उपकेंद्रात तपासतात. ज्यांच्याकडे पैसे कमी आहेत त्यांनी सुरुवात तिथून करावी.

पायरी ५: औषधांबद्दल विचारा, पण मनाने काही बदलू नका

चाळिशी ओलांडलेल्या बहुतेक मधुमेही बायकांना स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी, गोळी लागते, कोलेस्टेरॉल फार वाढलेलं नसलं तरी. ‘मला ही गोळी हवी का?’ असं स्वतःहून विचारा. तिच्याने साखर किंचित वाढू शकते, पण हृदयाचा फायदा त्याहून कितीतरी मोठा आहे. पाय दुखले तर गोळी फेकू नका, डॉक्टरांना सांगा, गोळी किंवा प्रमाण बदलता येतं. दिवस राहण्याची शक्यता असेल तर मात्र आधीच सांगा. स्टॅटिन आणि रक्तदाबाची टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल ही औषधं गरोदरपणात चालत नाहीत. तिशी-पस्तिशीतल्या बाईला मधुमेहाबरोबर रक्तदाब असेल तर ही गोष्ट विसरली जाते.

साखरेच्या औषधांतही हृदय आणि मूत्रपिंड सांभाळणारी औषधं आता आहेत. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन ही लघवीवाटे साखर बाहेर टाकतात आणि हृदय निकामी होण्यापासून वाचवतात. आपल्याकडे दुसरीचं पेटंट २०२५ मध्ये संपलं आणि पहिलीचं त्याआधीच, त्यामुळे आता ती बरीच स्वस्त मिळतात. फक्त एक त्रास बायकांना जास्त होतो. लघवीत साखर आली की जागेवर खाज सुटते, पांढरं जातं. माझ्या टेबलासमोर बसलेली बाई पदर नीट करत, नवरा बाहेर गेल्यावर हळूच सांगते की ती गोळी मी महिन्याभरापूर्वीच सोडली. डॉक्टर पुरुष, सांगणार कसं? अहो, सांगा. नर्सला सांगा, चिठ्ठीवर लिहून द्या. साध्या पाण्याने धुऊन कोरडं ठेवणं आणि बुरशीचं मलम एवढ्यानेही बहुतेकींचं भागतं. मात्र उलट्या-जुलाब असताना, अन्न जात नसताना, कडक उपवासाला किंवा ऑपरेशन ठरलं असेल तर ही गोळी काही दिवस थांबवावी लागते, कारण साखर फार न वाढताही रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो. किती दिवस थांबवायची ते आधीच विचारून वहीत लिहा.

पायरी ६: स्वयंपाकघर आणि उपवास

हे माझं रोजचं काम, तरी लांबवत नाही, कारण ज्वारी-नाचणी-मेथीचं सगळ्यांना पाठ आहे. तीनच गोष्टी सांगते. मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या खाली हवं, म्हणजे चार माणसांच्या घरात महिन्याला ६०० ग्रॅम. तुमची किलोची पिशवी किती दिवसांत संपते ते बघा. लोणचं, पापड, फरसाण, ठेचा यांतलं मीठ वेगळंच. सैंधवही मीठच आहे. पोटॅशियमवालं ‘लो सोडियम’ मीठ मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी किंवा टेल्मिसार्टन घेणाऱ्यांनी विचारल्याशिवाय वापरू नये. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर. आणि तिसरी गोष्ट ताटाची: घरातली बाई शेवटी बसते, तेव्हा उसळ संपलेली असते, भात उरलेला असतो, आणि टाकवत नाही म्हणून ती तोच खाते. तिच्या वाटची उसळ आणि कोशिंबीर आधी वाटीत काढून झाकून ठेवा. हे मी नवऱ्यांना आणि मुलांना सांगते, तिला नाही.

उपवास सोडा असं मी कुणाला म्हणत नाही, म्हटलं तरी कुणी ऐकत नाही. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट, एक ताटली खिचडीने साखर उडी मारते. राजगिऱ्याची भाकरी, थोडी भगर आणि त्यावर दाण्याची आमटी, दही, काकडी हे बरं. निर्जळी मात्र नको. ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या बाईने एकादशी, हरतालिका, नवरात्र यांच्या आठवडाभर आधी डॉक्टरांकडून डोस बदलून घ्यावा. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि साखर ७० च्या खाली निघाली, तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी परत तपासा. तेव्हा उपवास मोडतो का, हा विचार करायचा नाही.

पायरी ७: चालणं

आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. घरकाम यात धरायचं नाही, त्याने दमायला होतं पण दम लागत नाही. जेवणानंतर दहा मिनिटांच्या फेऱ्या साखरेला उत्तम. आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता उठबस, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, भिंतीला हात लावून दंड. पाळी गेल्यावर स्नायू भराभर झडतात, आणि साखर खर्च होते ती स्नायूंतच. चालताना छातीत दडपण, जबडा भरून येणं किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप असं काही झालं तर तिथेच थांबा आणि त्याच दिवशी दाखवा.

पायरी ८: त्या रात्रीची तयारी आजच करा

श्रावणी सोमवार होता. आईने रात्री नऊला उपवास सोडला आणि साडेअकराला उठून बसली. म्हणाली, ‘पित्त झालंय गं, गार दूध दे.’ छातीत कळ वगैरे काही नव्हतं. खालचा जबडा जड झालाय, दोन्ही खांद्यांच्या मधे कुणी तरी ओढतंय, एवढंच. मी पाठीवर हात फिरवला तर ब्लाउज पाठीला चिकटला होता, भिजून, आणि पंखा पूर्ण चालू होता. तरीही मी दूध दिलं. साखर तपासली, १३८, आणि मला हायसं वाटलं. जवळच्या एका दवाखान्यात पित्ताचं इंजेक्शन मिळालं. ईसीजी सकाळी सातला निघाला. साडेसात तास.

बायकांनाही अटॅकमध्ये छातीत दुखतं, तेच सर्वांत नेहमीचं लक्षण आहे. पण त्यांना त्यासोबत, किंवा त्याऐवजी, धाप, मळमळ, जबडा-मान-पाठ दुखणं, गळून गेल्यासारखं होणं हे पुरुषांपेक्षा जास्त वेळा होतं. त्यात बरीच वर्षं मधुमेह असेल तर नसा बोथट झालेल्या असतात, कळ पोचतच नाही. म्हणून आमच्या घरात आता नियम आहे: मधुमेह असलेल्या बाईला बेंबीपासून जबड्यापर्यंत कुठेही अचानक काही झालं, घाम फुटला किंवा धाप लागली, आणि ते दहा-पंधरा मिनिटांत गेलं नाही, तर ईसीजी काढेपर्यंत त्याला पित्त म्हणायचं नाही.

१०८ ला फोन करा. तिला बसवून ठेवा, जिना चालत उतरू देऊ नका, खुर्चीवरून न्या. ॲस्पिरिनची ॲलर्जी, अल्सर किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला देतात. आपल्या घरातल्या बाईला ते चालेल का, हे आजच तिच्या डॉक्टरांना विचारून ठेवा. शेजारी देतात म्हणून सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) जिभेखाली ठेवू नका, रक्तदाब आधीच घसरलेला असेल तर ते घातक ठरतं. दवाखान्यात गेल्यावर पहिलं वाक्य ‘पित्ताचा त्रास होतोय’ हे नको. म्हणा: ‘हिला मधुमेह आहे, ईसीजी काढा.’ पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी त्रास चालू असेल तर परत काढा म्हणा, आणि ट्रोपोनिनची, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे सांगणारी, रक्ततपासणी विचारा, तीही काही तासांनी दुसऱ्यांदा करावी लागते. अँजिओप्लास्टी जवळ कुठे होते, आणि त्यातलं कोणतं रुग्णालय महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आहे, हे आज शांतपणे शोधून स्वयंपाकघराच्या दारामागे लिहून चिकटवा. रेशनकार्ड आणि आधारच्या झेरॉक्स, गोळ्यांची यादी, जुना ईसीजी एकाच पाकिटात.

अटॅक येऊन गेल्यावर किंवा हृदय अशक्त झाल्यावर आणखी एक काम वाढतं. पाण्याने फुगलेलं शरीर पाय सुजायच्या आधी वजनकाट्यावर दिसतं. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, तशाच हलक्या कपड्यांत वजन. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, रात्री उशा वाढवाव्या लागल्या, किंवा आडवं पडल्यावर खोकला आला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन.

आईच्या हृदयाचं पंपिंग त्या सकाळी ३५ टक्के होतं, आता ४५ आहे. ती काट्यावर उभी राहते, चष्मा नसल्यामुळे आकडा मला वाचायला लावते, आणि मग कालनिर्णयवर त्या दिवसाच्या चौकटीत, तिथीच्या खाली, स्वतःच्या हाताने लिहिते. आज एकादशी. खाली ५४.२.